मयुरेश येईपर्यंत

"थांबा, थांबा, बुवासाहेब! हे बघा!"

राजननी रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरचा मिशाळ माणूस चहाच्या टपरीसमोर जागच्या जागी गोठला.

"त्याचं मुंडू बघा. आत्तापर्यंत गुडघ्याच्या वर दुमडलेलं होतं ना? भांडत होता म्हणून. आता म्हातारे मास्तर आले, लगेच खाली सोडलं. तोंडाने एक शब्द नाही बोलला. पण माफी मागितली त्याने."

शरदचंद्रांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या माणसाची पांढरी लुंगी पाहिली. खरंच, घोट्यापर्यंत आली होती.

"वा! म्हणजे आमच्याकडे वडीलधारं कुणी आलं की गळ्यातलं उपरणं सारखं करतात, तसं."

"तसंच. पण हे बाहेरच्या डायरेक्टरला दिसणार नाही. आमचाच माणूस पाहिजे. आता हा बोलेल तेव्हा ऐका, दोन वाक्यांत मी सांगतो कुठल्या जिल्ह्यातला आहे तो."

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या त्या चार मजली इमारतीत राजन तळमजल्यावर राहत आणि शरदचंद्रांचा मुलगा मयुरेश तिसऱ्या मजल्यावर. राजन त्रिशूरकडचे. त्यांची बायको इथल्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं नर्स होती, ते स्वतः एका वृद्धाश्रमात मदतनीस. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. जर्मनीला येण्याआधी त्यांनी पुण्यात सहा वर्षं काढली होती. त्यामुळे त्यांचं मराठी हिंदीचे टाके घालून शिवलेलं असलं तरी फाटत मात्र नसे. दर गुरुवारी दुपारी तीनला ते शरदचंद्रांना मल्याळम सिनेमा दाखवीत. गुरुवारच का, तर त्या दिवशी सूनबाई देवश्रीच्या घरूनच दिवसभर मीटिंगा असत आणि सासऱ्यांनी झांजा हातात घेतल्या की तिला पडद्यावरच्या लोकांची क्षमा मागावी लागे.

शरदचंद्रांचं आयुष्य सांगायचं तर एका पोस्टकार्डावर मावेल. कुरुंदवाडच्या पोस्टात खिडकीवर अडतीस वर्षं. संध्याकाळी धोतर, उपरणं, पगडी, झांजा, आणि पंचक्रोशीतल्या कुठल्यातरी देवळात कीर्तन. नाव फार झालं नाही. पण ज्या गावात एकदा उभे राहिले, त्या गावाने पुन्हा बोलावलं नाही असं कधी झालं नाही. कीर्तनकाराला याहून मोठं प्रशस्तिपत्र देव देत नाही.

पहिल्या गुरुवारी ते केवळ सभ्यपणा म्हणून बसले होते. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती वाचेपर्यंत माणसं पुढे गेलेली असत. मग राजन थांबवत, सांगत. चौथ्या-पाचव्या गुरुवारी शरदचंद्रांना उमगलं, की हे तर आख्यान आहे! आधी एक घर दाखवायचं. त्या घरातली विहीर, तुळस किंवा क्रूस, वाळत टाकलेली खोबऱ्याची भकलं, पेपर वाचत राजकारणावर हमरीतुमरीला येणारे शेजारी. सगळं इतकं त्या गावचं, की दहा कोसांवरच्या गावालाही लागू पडू नये. आणि मग त्या एका घरातून असा काही प्रश्न उभा करायचा, की कुरुंदवाडच्या म्हाताऱ्याने खिशातला रुमाल काढावा.

"आमच्याकडच्या सिनेमात घर असतं हो," ते एकदा राजनना म्हणाले, "पण जिना उतरून कुणी स्वयंपाकघरात जातच नाही. तुमच्यात बायको ओट्याशी उभ्याने उरलंसुरलं खाते, तेही दाखवतात. लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर दाखवतात."

हे उत्तर शरदचंद्रांनी टिपणवहीत लिहून घेतलं. निरूपणात कामाला आलं असतं.

पण ते जर्मनीला सिनेमे बघायला आले नव्हते. तीन महिन्यांचा व्हिसा काढून ते एका गोष्टीसाठी आले होते, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. त्यांना मयुरेशच्या तोंडून आईबद्दल एक वाक्य ऐकायचं होतं.

अरुंधतीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मयुरेश तेव्हा आला, तेरा दिवस राहिला, सांगितलं तेवढं केलं आणि गेला. त्यानंतर दर रविवारी फोन. "बाबा, जेवलात? गोळ्या घेताय ना?" आईचा उल्लेख नाही. घरात तिचा फोटो नाही. इथे आल्यावर शरदचंद्रांनी दोनदा विषय काढून पाहिला. "तुझ्या आईला हे टवटवीत जिरेनियम फार आवडले असते रे." मयुरेश म्हणाला, "हं. बाबा, उद्या कचरा पिवळ्या पिशवीत टाकायचाय, लक्षात ठेवा." नात अन्वी चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, पण बोलताना तोंडातून जर्मन येई. तिला विचारलं, तर ती खांदे उडवून म्हणे, "पापा श्प्रिष्ट निष्ट दारूबर, आजोबा." पापा त्याबद्दल बोलत नाही.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी राजननी तो सिनेमा लावला.

नदीकाठचं गाव. मोठं दुमजली घर, वरच्या मजल्याच्या खिडक्या वर्षानुवर्षं बंद. घरात एक निवृत्त शाळामास्तरीण एकटी, आणि तिला सांभाळायला ठेवलेली एक बाई. मुलगी कॅनडात, मुलगा दोह्यात. म्हातारी एका सकाळी जाते. मग दिवाणखान्यात काचेचं झाकण असलेली बर्फाची पेटी आणतात, विजेवर चालणारी, आणि ती म्हातारी त्यात मुलांची वाट बघत पडते. एक दिवस. दोन दिवस. शेजारी आळीपाळीने बसतात. तिसऱ्या दिवशी वादळात वीज जाते, आणि गावातले कोळी आपल्या होडीतल्या माशांचा बर्फ टोपल्यांनी आणून तिच्याभोवती रचतात. मुलं येतात. दारातच मुलगी नाकाला रुमाल लावते आणि विचारते, "हा वास कसला?"

राजननी थांबवलं नाही की काही समजावलं नाही. गरजच पडली नाही.

सिनेमा संपल्यावर शरदचंद्र म्हणाले, "हे असं खरंच ठेवतात तुमच्याकडे?"

"ठेवतात. घरोघरी कोणीतरी बाहेर. गल्फ, अमेरिका, इथे. पेटी भाड्याने मिळते. अम्माला माझ्यासाठी दोन दिवस ठेवलं होतं." मग ते उठले आणि चहा ठेवायला गेले.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हरीश घरी आले. गुरुपौर्णिमेच्या शनिवारी चर्चचा हॉल मिळाला होता. बुवांनी कीर्तन करावं. हार्मोनियमवर सुमेधा बसेल. "आणि तबल्याला मयुरेश. लहानपणी साथ करायचास ना रे बाबांना? आता नाही म्हणू नकोस."

मयुरेशने नाही म्हटलं नाही. तळघरातून तबला काढून आणला, हातोडीने गठ्ठे ठोकत स्वरात लावला. त्या आवाजाने शरदचंद्रांचा जीव सुपाएवढा झाला. आठ वर्षांचा मयुरेश मांडीएवढ्या डग्ग्यामागे बसायचा आणि अरुंधती पहिल्या रांगेतून त्याच्या हाताकडे बघत राहायची, देवाकडे नाही. आता देवानेच वाट काढली, असं त्यांना वाटलं. समोरासमोर जे बोलता येत नाही, ते कीर्तनात बोलता येतं. तिथे ऐकणाऱ्याला मध्येच उठता येत नाही.

आख्यान कुठलं लावायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी हॉल भरला. शरदचंद्रांनी आधी चर्चच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. ज्याच्या घरात उभं राहायचं त्याला नमस्कार करायचा, मग तो कुणी का असेना. पूर्वरंग सुरेख रंगला. मातृऋणावर निरूपण केलं, एर्लांगेनच्या सायकलींवर दोन विनोद केले, लोक हसले. मयुरेशचा हात सुरुवातीला अडखळला, मग सुटला. एका समेवर बापलेकांची नजरानजर झाली आणि मयुरेश चक्क हसला. मध्यंतरात बुक्का लावून झाला, हार झाला. शरदचंद्र उत्तररंगाला उभे राहिले.

"आता एका माउलीची कथा ऐका. पुराणातली नाही. मलबारातली आहे, आणि परवाची आहे."

त्यांनी ते गाव उभं केलं. नदी, होड्या, बंद खिडक्या. ती सांभाळणारी बाई रोज वरच्या मजल्यावरच्या चादरी बदलते, झोपणारं कुणी नसताना, हे सांगितलं तेव्हा बायकांच्या रांगेतून सुस्कारा आला. आणि इथे त्यांच्याकडून ते झालं, जे अडतीस वर्षांच्या सवयीने होतं. ऐकणाऱ्याच्या अंगणात कथा आणून सोडायची, ही कीर्तनकाराची जुनी खोड. कोल्हापुरात ते द्वारकेच्या वेशीवर रंकाळा तलाव आणून ठेवत.

"मुलगी कॅनडात," ते म्हणाले, "आणि मुलगा, तुमच्यासारखाच, जर्मनीत!"

मग बर्फाची पेटी आली. मग वीज गेली. मग माशांचा बर्फ. शरदचंद्रांनी झांजा उचलल्या आणि आदल्या दिवशी रचलेली साकी लावली:

*लेक दूरचे आले दारी, उघडा म्हणती पेटी ।*
*थंड कपाळी हात ठेविता, कुठली आता भेटी ॥*

दुसऱ्या ओळीवर तबला थांबला.

ठेका चुकला नव्हता, थांबला होता. शरदचंद्रांनी मान वळवली नाही. कीर्तनात मुरलेला गळा, तबल्यावाचून त्यांनी साकी पुरी केली, पुन्हा म्हटली. हॉलमध्ये हुंदके ऐकू येत होते. हरीशने चष्मा काढून डोळे पुसले. मयुरेश उठून गेला नाही. कीर्तनातून उठायचं नसतं, हे त्याला बापानेच शिकवलं होतं. त्याने शांतपणे तबल्यावर गवसणी चढवली, तिची नाडी बांधली, आणि शेवटपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसला.

आरती झाली. रिवाजाप्रमाणे एकेक जण बुवांच्या पाया पडायला आला. पंचेचाळीस-पन्नास माणसं. शरदचंद्र प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून मागे बघत होते. मयुरेश खुर्च्यांच्या चवडी लावत होता.

निघताना हरीश हळूच म्हणाले, "बुवा, रडवलंत हो. पण पुढच्या वेळी एखादं पारंपरिकच घ्या. आल्झो, म्हणजे लोकांना जरा... आमच्यातल्या निम्म्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत."

गाडीत अन्वीने त्यांच्याकडे वाकून विचारलं, "आजोबा, वार दास एश्ट? खरं?" शरदचंद्र म्हणाले, "सिनेमातलं होतं बाळ."

घरात शिरताच देवश्रीने पर्स टेबलावर आपटली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"बाबा, सुमेधाने मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं बरंय ना? काय सांगू मी तिला? आम्ही तुमचं काही कमी करतो का?"

"अगं, मी सिनेमातली गोष्ट सांगितली. केरळातली."

"आणि जर्मनीतला मुलगा? तोही सिनेमात होता?"

शरदचंद्र म्हणाले, "नाही. तो दोह्याला होता."

"देवश्री, राहू दे," मयुरेश म्हणाला. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. "बाबा, तुम्हाला एक विचारू?"

"विचार ना." शरदचंद्रांना उमेद आली. याचसाठी तर ते आले होते.

"त्या गोष्टीत ते लोक किती दिवस थांबले?"

"तीन."

"तीन दिवस. वीज गेली, तरी थांबले. माशांचा बर्फ आणला, पण थांबले." मयुरेश वळला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी ट्रेनमधून तुम्हाला फोन केला होता. फ्रँकफुर्टची ट्रेन. तिकीट हातात आहे, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतो, थांबा, म्हटलं. आठवतंय?"

"गुरुजी म्हणाले, सूर्यास्ताच्या आत..."

"मी गुरुजींना नव्हता फोन केला."

"आपल्यात ठेवत नाहीत रे रात्रभर. चैत्रातलं ऊन. शास्त्र आहे."

"विमानतळावर गेटवर बसलो होतो मी. शेजारी एक बाई मुलाला केळं भरवत होती. मोबाइलवर तुम्ही आईला अग्नी देताय. व्हिडिओ दाखवणाऱ्या चुलतभावाचा हात हलत होता, त्यामुळे आई नीट दिसलीसुद्धा नाही. मग माझी फ्लाइट अनाउन्स झाली, आणि मी जाऊन बसलो. कुणाकडे चाललो होतो मी, बाबा? घरी आलो, तर पारिजातकाच्या फांदीला लाल फडक्यात अस्थी होऊन बांधलेली. तेवढी भेट."

देवश्री खुर्चीवर बसली. अन्वी दारात उभी होती. एकेक शब्द तिला कळत होता.

"आणि आज तुम्ही पगडी घालून पन्नास माणसांना सांगता, की मुलं उशिरा येतात."

शरदचंद्रांना त्या क्षणी आठवली ती पोस्टाची खिडकी. घर बंद असलं तर रजिस्टर पत्र सात दिवस राखून ठेवायचं, असा नियम होता. अडतीस वर्षं त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. कुणाकुणाची पत्रं त्यांनी सात-सात दिवस राखली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"जाऊ द्या," मयुरेश म्हणाला. "जेवून घ्या. गोळी आहे तुमची." आणि तो आतल्या खोलीत गेला. आईबद्दल तो बोलला होता. एक नव्हे, चांगली दहा-बारा वाक्यं.

त्यानंतरचे अडीच आठवडे घरात सगळं व्यवस्थित होतं. इतकं व्यवस्थित, की वेळेवर चहा येई आणि कुणी कुणाला लागत नसे.

शेवटच्या गुरुवारी राजननी सिनेमा लावला नाही. शरदचंद्रांनी सगळं सांगितलं.

"शास्त्र तर होतंच हो," ते शेवटी म्हणाले, "पण खरं सांगू? मला रात्र काढायची नव्हती तिच्याशेजारी. ती तशी पडलेली, आणि घरात मी एकटा. भ्यायलो मी. गुरुजी म्हणाले सूर्यास्त, आणि मला सुटल्यासारखं झालं. हे मी त्याला सांगितलं नाही."

राजननी आपला उजवा तळवा उलटा करून पाहिला.

"माझ्यासाठी थांबले. आलो मी. अम्माच्या कपाळाला हात लावला. बर्फ. बाकीची अम्मा सगळी विसरलो मी, बुवासाहेब. तो गारवा अजून आहे हातात." आणि तळवा मिटत म्हणाले, "थांबले तरी नाही मिळत ती. पण थांबले होते, एवढं मिळतं."

निघायच्या दिवशी सकाळी शरदचंद्रांनी टिपणवहीचा एक कागद फाडला. ठळक, पोस्टातल्यासारख्या अक्षरात लिहिलं: *माझ्या वेळी मयुरेश येईपर्यंत थांबावे. रात्र झाली तरी. बर्फ लागला तर आणावा.* खाली सही केली, तारीख घातली. ज्या शास्त्राला त्यांनी आयुष्यभर मान तुकवली, त्याच्याविरुद्ध लिहिलेलं हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

देवश्री पाया पडली, डब्यात पोळीभाजी दिली. अन्वी गळ्यात पडली. जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, त्यांनी मयुरेशला थांबवून कागद दिला.

मयुरेशने बॅग खाली ठेवली. वाचलं. बराच वेळ वाचलं, तीन ओळींना लागतो त्यापेक्षा जास्त. मग घडी घातली आणि कागद बापाच्या हातात परत दिला.

"नका असं लिहून ठेवू, बाबा," तो अगदी मऊपणे म्हणाला. "मला तेव्हा निघता येईलच असं नाही. उगाच लोक बसतील वाट बघत."

शरदचंद्रांनी मान हलवली. पायरीवर बसून त्यांनी हातपिशवी उघडली. झांजा प्रवासात एकमेकींवर आपटतात. येताना स्टेशनपासून घरापर्यंत, फरसबंदीवरून, त्या सारख्या वाजत होत्या आणि अन्वी हसली होती. मध्ये घालायचं फडकं कुठेतरी राहिलं होतं. त्यांनी तो कागद दोन्ही झांजांच्या मध्ये ठेवला आणि पिशवी बंद केली.

तळमजल्यावर राजन दार पुसत होते. मुंडू गुडघ्याच्या वर खोचलेलं, हात ओले. जिन्यावरून उतरणारे शरदचंद्र दिसले तसे ते सरळ झाले, फडकं बादलीत टाकलं, आणि मुंडूचं टोक सोडून ते घोट्यापर्यंत खाली येऊ दिलं. शरदचंद्रांनी उपरणं सारखं केलं.

मग बापलेक बसस्टॉपकडे निघाले. मोठी बॅग मयुरेश ओढत होता, तिची चाकं दगडांवर खडखडत होती. हातपिशवी शरदचंद्रांनी स्वतःकडेच ठेवली होती. ती चालताना हलत होती, गुडघ्यावर आपटत होती, पण तिच्यातून आवाज येत नव्हता.